सीमेवरचं पिवळं कार्ड

नांदेड जिल्ह्यातल्या, मिरची बाजाराच्या धर्माबादहून निघालेली रेल्वे पुढं बासरला पोहोचते आणि महाराष्ट्र संपून तेलंगण लागतं. निजामाच्या काळात ही सीमा नव्हतीच. नांदेडचा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता.

सीमेपलीकडं, तेव्हाच्या एकत्रित आंध्रात, 2007 साली ‘आरोग्यश्री’ सुरू झाली. सरकारनं हप्ता भरायचा आणि गरिबाची शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यातही फुकट व्हायची. महाराष्ट्रात 1997 पासून जीवनदायी योजना होती, पण ती मोजक्याच आजारांपुरती.

2 जुलै 2012 रोजी ‘आरोग्यश्री’सारखीच राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्राच्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात एकटा नांदेड होता. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड दाखवायचं, दवाखान्यात बसलेला आरोग्यमित्र कागद बघणार. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. शेत गहाण ठेवून ऑपरेशन करणाऱ्या घरांसाठी ही केवढी मोठी गोष्ट!

2013 च्या नोव्हेंबरात योजना राज्यभर गेली, 2017 साली तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. 2023 च्या निर्णयानं मर्यादा पाच लाख झाली आणि सर्व रेशनकार्डधारक तिच्यात आले.

तरी मोठ्या शस्त्रक्रियेसाठी धर्माबादकराला आजही नांदेड किंवा सीमेपलीकडच्या निजामाबादची वाट धरावी लागते. बुडालेली मजुरी विम्यात बसत नाही.