एकच काम जाणणारे यंत्र

हल्ली माणूस खोलीत एकटा बसला तरी एकटा नसतो. संगणकावर कवितेची ओळ लिहायला घ्यावी, तर त्याच पडद्यावर बातम्या, पत्रे आणि क्रिकेटचा स्कोअर दार ठोठावत असतात. त्याला कंटाळून काही लेखक पुन्हा टाइपरायटरकडे वळले. गंमत म्हणजे हे यंत्र एकांतासाठी जन्मलेच नव्हते. अमेरिकेत मिलवॉकीच्या क्रिस्टोफर शोल्स यांनी सहकाऱ्यांसह १८६८ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. पुढे त्याने कचेऱ्या भरून गेल्या. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये देशी यंत्र काढले. २००९ मध्ये ते बनवणे थांबले.

बी.ए. झाल्यावर नोकरीच्या आशेने मी मराठी टायपिंगच्या क्लासला जात असे. देवनागरीची सगळी अक्षरे त्या थोड्या कळांवर मावत नाहीत. 'भ' हवा तर आधी अर्धा भ दाबायचा, मग काना. 'कविता' लिहिताना वेलांटी आधी, 'व' नंतर. म्हणजे बोटांवर येण्याआधी शब्द मनात पुरा उभा हवा. खोडायला जावे तर कागद फाटे. मग मी ओळ तोंडाने चार वेळा म्हणूनच कळांना हात लावू लागलो. त्या काळातल्या माझ्या कविता आखूड झाल्या, आणि बऱ्याही!

अमेरिकन कादंबरीकार कॉर्मॅक मॅकार्थी यांनी १९६३ मध्ये पन्नास डॉलरला जुने ऑलिव्हेटी यंत्र घेतले. ते चार दशकांहून अधिक काळ वापरले. २००९ मध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा २,५४,५०० डॉलर आले. ते एका संशोधन संस्थेला गेले. मॅकार्थींसाठी त्यांच्या मित्राने तसलेच दुसरे यंत्र वीस डॉलरच्या आत मिळवले. त्यांना यंत्राचे कौतुक नव्हते, लिहायचे होते.

पण टाइपरायटर शांत असतो, असे कुणी समजू नये. आमच्या दोन खोल्यांच्या घरात रात्री त्याची खडखड चाले. अम्मीने एकदा काही न बोलता यंत्राखाली गोधडीची घडी सारली.

अम्मीवरची कविता दोन वर्षे संगणकावर अडकून होती. या पावसाळ्यात यंत्र माळ्यावरून काढले, खाली गोधडी घातली. आतापर्यंत सतरा ओळी झाल्या आहेत. नवी रिबन मिळाली नाही. जुनीच उलटी लावून चालवतो आहे.