फळ्यावरचं विमान

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमध्ये ‘लावी’ नावाचं लढाऊ विमान घडत होतं. रडार, शस्त्रं, सॉफ्टवेअर, प्रत्येकाचे तज्ज्ञ वेगळे. विमानाने केव्हा काय करायचं, हे जाडजूड दस्तऐवजांत लिहिलेलं. डेव्हिड हारेल हा संगणकशास्त्रज्ञ तिथे आठवड्यातून एक दिवस सल्लागार म्हणून जायचा. अमुक परिस्थितीत हे बटण दाबलं तर काय होतं, असं तो विचारायचा. उत्तर धड एका जागी सापडायचं नाही. तीच गोष्ट वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या शब्दांत.

यंत्राच्या प्रत्येक अवस्थेसाठी एक गोल आणि त्यांना जोडणारे बाण, ही पद्धत तेव्हाही होती. पण समजा, तुमच्या फोनमध्ये ब्लूटूथ, वायफाय, टॉर्च अशी एकमेकांशी संबंध नसलेली दहा बटणं आहेत. चालू-बंदच्या सगळ्या जोड्या धरल्या तर गोल होतात १,०२४! हारेलने तुटक रेषा मारून दहा कप्पे केले, प्रत्येकात दोन अवस्था. एकूण वीस. शिवाय एका चौकटीच्या पोटात दुसरी चौकट. यालाच पुढे ‘स्टेटचार्ट’ म्हणू लागले.

मला सर्वांत आवडतो तो पुढचा प्रसंग, हारेलनेच सांगितलेला. एक वैमानिक सहज तिथे आला. चित्राचे नियम त्याला जुजबी समजावले. थोडा वेळ फळ्याकडे बघून त्याने चूक दाखवली: हा बाण इथे नको, तिथे हवा! असलं चित्र त्याने आधी कधी पाहिलंही नव्हतं.

याउलट फ्लोचार्टची गत बघा. फॉन नॉयमन आणि गोल्डस्टाइन यांनी १९४७ मध्ये प्रोग्राम रचण्यासाठी तो वापरला. पुढे मात्र आधी कोड लिहून, मग साहेबांना दाखवायला चित्र काढायची पद्धत रुळली. १९६३ मध्ये डोनाल्ड क्नूथने तर प्रोग्रामवरून आपोआप फ्लोचार्ट काढणाऱ्या प्रणालीवर लेख लिहिला. विचार करून झाल्यावर काढलेलं चित्र म्हणजे, माझ्या मते, निव्वळ सजावट.

हारेलचा शोधनिबंध १९८७ मध्ये छापून आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारने लावी प्रकल्प गुंडाळला. स्टेटचार्ट मात्र यूएमएलमध्ये शिरले, आणि आज वेब ॲप बनवणारी पोरं ‘एक्सस्टेट’ ही लायब्ररी वापरतात, तिच्या मुळाशी तीच चौकटीतली चौकट आहे.