तांबडी रक्तपेशी

तांबडी रक्तपेशी : फुप्फुसांतून प्राणवायू घेऊन तो शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचवणारी रक्तातील पेशी. लाल रक्तपेशी, लोहितपेशी ही तिची इतर नावे. आकार चकतीसारखा गोल, दोन्ही अंगांनी मधोमध खोलगट. व्यास ७ ते ८ मायक्रोमीटर, जाडी कडेला सुमारे २ आणि मध्यभागी जेमतेम १ मायक्रोमीटर. एका घन मिलिमीटर रक्तात अशा साधारणतः ४० ते ५५ लाख पेशी असतात. पुरुषांत थोड्या जास्त, स्त्रियांत थोड्या कमी. प्रौढ माणसाच्या शरीरात त्यांची एकूण संख्या २० ते ३० लाख कोटींच्या घरात जाते. शरीरातल्या सगळ्या पेशी मोजायच्या ठरवल्या, तर त्यांत बहुसंख्य तांबड्याच भरतील.

शाळा-कॉलेजात पेशीविज्ञान शिकवताना ही पेशी सहसा मागे पडते. केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी पिंड अशी सर्व अंगके दाखवणारी आकृती काढायची असते आणि पूर्ण वाढलेल्या तांबड्या पेशीत त्यांतले काहीच नसते. परंतु पेशी कोणत्या रेणूंची बनते हे समजून घ्यायचे असेल, तर हिच्याइतकी सोयीची पेशी दुसरी नाही. मेद, कर्बोदके, प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्ले हे सजीवांच्या घडणीतले रेणूंचे चार मुख्य गट. त्यांपैकी पहिले तीन या पेशीत वेगवेगळे ओळखता येतात आणि चौथ्याचे मोल त्याच्या अभावामुळे कळते. पेशीपटल, पाण्याचे मार्ग, प्रथिनाची त्रिमितीय रचना, रेणूतल्या दोषाने होणारा आजार या चारही बाबतींत विज्ञानाला वाट सापडली ती याच पेशीत.

इतिहास : रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात पेशी पाहिल्या, त्या मेलेल्या वनस्पतिपेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. त्याआधीच, १६५८ मध्ये, यान स्वामरडाम यांनी बेडकाच्या रक्तातल्या पेशी पाहिल्याचे मानतात. माणसाच्या तांबड्या पेशींचे पहिले नेमके वर्णन डेल्फ्टचे आंतोनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६७४ मध्ये केले.

निर्मिती : प्रौढ माणसात या पेशी हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत तयार होतात, दर सेकंदाला २० लाखांहून अधिक. मूत्रपिंडातून स्रवणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक या निर्मितीचा वेग ठरवते; रक्तातला प्राणवायू कमी झाला की ते वाढते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला पंडुरोग होतो तो प्रामुख्याने यामुळे.

मज्जेतल्या बालपेशीला केंद्रक असते. त्यातल्या डीएनएमधील ग्लोबिनच्या जनुकांवरून संदेशवाही आरएनए तयार होतो, तो केंद्रकाबाहेर येतो आणि रायबोझोमवर त्याच्या हुकमाबरहुकूम अमिनो आम्ले एकामागून एक जोडली जातात. असे हीमोग्लोबिन, म्हणजे प्राणवायू वाहणारे प्रथिन, पेशीत साठत जाते. पुरेसे साठल्यावर पेशी आपले केंद्रकच बाहेर ढकलून देते आणि शेजारची भक्षकपेशी ते गिळून टाकते. पेशी रक्तात उतरते तेव्हा तिच्यात आरएनएचे थोडे अवशेष असतात. ते एकदोन दिवस टिकतात आणि विशिष्ट रंग दिल्यास निळ्या जाळीसारखे दिसतात. रक्ततपासणीच्या अहवालात ‘रेटिक्युलोसाइट काउंट’ म्हणून जो आकडा येतो तो या नवख्या पेशींचा; मज्जा किती जोमाने काम करते आहे हे त्यावरून समजते. पक्षी, बेडूक आणि मासे यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक आयुष्यभर राहते. ते टाकून देणे हा सस्तन प्राण्यांचा विशेष आहे. गुन्हेतपासात रक्ताच्या डागावरून डीएनए काढतात, तोसुद्धा तांबड्या पेशींतून मिळत नाही; रक्तातल्या पांढऱ्या पेशींतून मिळतो.

पटल : पेशीला बाहेरच्या जगापासून वेगळे करणारे पटल मुख्यतः फॉस्फोलिपिड या मेदरेणूंचे असते. या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करणारे, तर दोन शेपट्या पाणी टाळणाऱ्या. त्यामुळे पाण्यात ते आपोआप दोन थरांत मांडले जातात. शेपट्या आत, टोके बाहेर. हे दोन थर असतात याचा पहिला पुरावा तांबड्या पेशींनी दिला. नेदरलँड्समधील लायडन येथे गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये मोजून घेतलेल्या पेशींतील मेद ॲसिटोनने वेगळा केला आणि पाण्यावर एक रेणू जाडीचा थर होईल असा पसरला. त्या थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. या प्रयोगात दोन चुका होत्या हे पुढे उघड झाले. ॲसिटोनने सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशीचा पृष्ठभागही त्यांनी कमी धरला होता. दोन्ही चुकांनी एकमेकींची भरपाई केली आणि निष्कर्ष बरोबर निघाला. मात्र पेशीची निवड अचूक होती. दुसऱ्या कोणत्याही पेशीत केंद्रकाचे, तंतुकणिकांचे अशी आतली पटले मिसळून हिशेब बिघडला असता. तांबड्या पेशीला बाहेरचे एकच पटल असते.

पटलाच्या आतल्या अंगाला स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची लवचीक जाळी असते. तिच्यामुळे पेशी स्वतःच्या व्यासापेक्षा अरुंद केशवाहिनीतून वाकून, लांबट होऊन निघते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा मूळ आकार घेते. पटलातून पाण्याची ये-जा फार वेगाने होते, तिचे कारण बराच काळ कळले नव्हते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे पीटर अ‍ॅग्रे हे आर-एच रक्तगटाच्या प्रथिनाचा अभ्यास करत असताना त्यांना या पटलात एक अनपेक्षित प्रथिन मिळाले. ते फक्त पाण्याला वाट देते हे १९९२ मध्ये सिद्ध झाले. ॲक्वापोरिन या नावाने ते ओळखले जाते. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात अ‍ॅग्रे यांचा वाटा होता तो यासाठी.

पाण्याची ही ये-जा नुसत्या डोळ्यांनीही पाहता येते. परीक्षानळीत ०.९ टक्के मिठाचे पाणी, म्हणजे दवाखान्यातले नॉर्मल सलाइन, घेऊन त्यात रक्ताचे दोन थेंब टाकले की लालसर गढूळ द्रव होतो. नळीपलीकडची अक्षरे वाचता येत नाहीत. तेच थेंब ऊर्ध्वपातित पाण्यात टाकले तर गढूळपणा पाहता पाहता जातो, द्रव स्वच्छ लाल होतो आणि मागची अक्षरे दिसू लागतात. पाणी आत शिरून पेशी फुगल्या, फुटल्या आणि हीमोग्लोबिन बाहेर आले, असा याचा अर्थ. शिरेतून साधे पाणी का देत नाहीत, हे या एका प्रयोगातून पटते.

रक्तगट : पटलाच्या बाहेरच्या अंगावर शर्करांच्या छोट्या साखळ्या असतात. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्ना येथे ओळखलेले रक्तगट या साखळ्यांच्या शेवटच्या कडीवर ठरतात. पायाभूत साखळीला फ्युकोज ही शर्करा जोडली की ‘एच’ प्रतिजन तयार होतो. त्यावर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोजअमीन जोडले की गट ए. गॅलॅक्टोज जोडले की बी. दोन्ही असली की एबी. काहीच न जोडता एच तसाच राहिला की ओ. एका शर्करेच्या फरकाने रक्त चढवलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

काही थोड्या माणसांत फ्युकोजच जोडले जात नाही, त्यामुळे ए किंवा बी बसायला जागाच राहत नाही. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये हा प्रकार प्रथम नोंदवला. जगभर त्याला ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणतात. नेहमीच्या चाचणीत हे रक्त ओ गटाचे वाटते. पण या व्यक्तीच्या रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात, म्हणून तिला ओ गटाचे रक्तही चालत नाही. बॉम्बे गटाचेच लागते.

हीमोग्लोबिन : पेशीतले पाणी वगळले तर उरलेल्या वजनापैकी सुमारे ९५ टक्के वजन एकट्या हीमोग्लोबिनचे असते. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू मावतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा : १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा. प्रत्येक साखळीच्या घडीत हीम नावाचे चपटे वलय आणि त्याच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो. प्राणवायू जोडला जातो तो या लोहाला. म्हणजे एका रेणूला प्राणवायूचे चार रेणू. आहारात लोह कमी पडले की हीमोग्लोबिन उतरते, याचे कारण या चार अणूंत आहे.

या रेणूची खरी करामत त्याच्या आकारबदलात आहे. पहिला प्राणवायू जोडला गेला की साखळ्यांची मांडणी किंचित सरकते आणि पुढचे जोडले जाणे सोपे होते. फुप्फुसांत रेणू झटपट भरतो आणि ऊतींत झटपट रिकामा होतो तो यामुळे. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिज येथे १९३७ मध्ये क्ष-किरणांनी या रेणूची रचना शोधायला घेतली आणि ती हाती यायला १९५९ उजाडले. मायोग्लोबिनची रचना सोडवणारे जॉन केंड्र्यू आणि पेरुट्झ यांना १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रथिनाचे काम त्याच्या आकारात असते, हे त्यांच्या कामानंतर प्रत्यक्ष दिसू लागले. कोळशाच्या शेगडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड याच लोहाला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणे जिवावर बेतते ते म्हणून.

ऊर्जा आणि शेवट : तंतुकणिका नसल्यामुळे ही पेशी वाहून नेत असलेल्या प्राणवायूला स्वतः हात लावत नाही. ग्लुकोजचे लॅक्टेटमध्ये रूपांतर करून मिळणाऱ्या तुटपुंज्या ऊर्जेवर तिचे भागते. केंद्रक नाही, म्हणून झिजलेल्या विकराच्या जागी नवे बनवता येत नाही, फाटलेले दुरुस्त होत नाही. सुमारे १२० दिवसांत पटल ताठर होते आणि प्लीहेच्या अरुंद फटींतून जाताना पेशी अडकते. तिथल्या भक्षकपेशी तिला गिळतात. लोह जपून ठेवले जाते आणि मज्जेकडे परत जाते. रोज असे २० ते २५ मिलिग्रॅम लोह फिरते, तर आहारातून शोषले जाते जेमतेम एकदोन मिलिग्रॅम. हीमचे आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन होते. मुका मार लागलेली जागा काळीनिळी, हिरवट आणि शेवटी पिवळी होत जाते, तो याच रूपांतराचा क्रम.

सिकलसेल : रेणूतला एक बदल सबंध शरीराला कसा भोवतो याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद केली. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले की दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. तो नेमका कुठे, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये केंब्रिजला शोधले : बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. त्यामागे अकराव्या गुणसूत्रावरील जनुकात एका अक्षराचा फरक, जीएजीच्या जागी जीटीजी. ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित आणि पाण्यात रमणारे. व्हॅलीन भाररहित, पाणी टाळणारे. प्राणवायू सुटला की हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खोबणीत अडकते, त्याला पुढचा रेणू, असे करत लांबच लांब कडक तंतू तयार होतात आणि पेशी वाकडी होते.

प्रयोगशाळेत हे दाखवणे सोपे आहे. काचपट्टीवर रक्ताच्या थेंबात २ टक्के सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचे, वर आच्छादक काच ठेवून कडा व्हॅसलीनने बंद करायच्या. द्रावण प्राणवायू शोषून घेते. काही वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर गोल चकत्यांना टोके फुटलेली दिसतात, काही लांबट, काही चंद्रकोरीसारख्या. हा बदल रुग्णाच्या आणि एकच सदोष जनुक असलेल्या वाहकाच्या रक्तात सारखाच दिसतो, म्हणून पक्क्या निदानासाठी हीमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते.

दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आले तर आजार होतो. ताठर पेशी बारीक वाहिन्यांत अडकून असह्य वेदना होतात, प्लीहा निकामी होते, जंतुसंसर्ग वाढतात, आणि पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसच टिकत असल्याने पंडुरोग व कावीळ मागे लागते. एकच सदोष जनुक असलेला वाहक एरवी निरोगी असतो आणि त्याला घातक मलेरियापासून काही संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून हे मांडले. मलेरियाच्या जंगलपट्ट्यांत हे जनुक टिकून राहिले ते त्यामुळे.

भारतात या जनुकाची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली. महाराष्ट्रात गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नागपूर, नंदुरबार आणि पालघर या जिल्ह्यांत, गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा जमातींत तसेच विदर्भातील काही अनुसूचित जातींत ते आढळते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध गर्भावस्थेतले हीमोग्लोबिन वाढवून वेदनेचे झटके कमी करते. तेच हीमोग्लोबिन जनुक-संपादनाने वाढवणाऱ्या उपचाराला ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च सामान्य रुग्णाच्या आवाक्यापलीकडचा आहे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे.

दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वरील जिल्ह्यांतील तरुण-तरुणींनी लग्न ठरण्याआधी ही तपासणी करून घ्यावी, आणि वाहक निघालेल्या मुलीला किंवा मुलाला कोणी आजारी समजू नये.