पत्रातला पाहुणा आणि दारातला पाहुणा

रिचर्ड लापिएर हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ. १९३० साली ते एका चिनी विद्यार्थ्याबरोबर आणि त्याच्या पत्नीबरोबर प्रवासाला निघाले. काळ चिनी माणसांना अनुकूल नव्हता. चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा १८८२ चा कायदा १९४३ पर्यंत टिकून होता. पौर्वात्यांविषयीच्या आकसाबद्दल प्रसिद्ध असलेल्या एका गावी हे तिघे धास्तावूनच हॉटेलात शिरले. पण कारकुनाने खळखळ न करता जागा दिली. दोन महिन्यांनी लापिएर यांनी त्याच हॉटेलाला फोन करून, एका चिनी गृहस्थांना उतरून घ्याल का, असे विचारले. उत्तर स्पष्ट नकाराचे होते!

मग लापिएर नोंदी ठेवू लागले. दोन वर्षांत सुमारे दहा हजार मैल प्रवास झाला. उतरण्याची ६७ आणि जेवणाची १८४, अशी एकूण २५१ ठिकाणे झाली. नकार मिळाला फक्त एका ठिकाणी. सहा महिन्यांनी त्यांनी या सर्वांना पत्र पाठवून, चिनी पाहुणे चालतील का, असे विचारले. १२८ उत्तरे आली. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक उत्तरे 'नाही' अशी होती.

असे का झाले असावे? पत्रात होता फक्त 'चिनी' हा शब्द. तो वाचून मनात उभे राहिले ते ऐकीव गोष्टींतून तयार झालेले चित्र. दारात मात्र दमून आलेले, हसतमुख, चांगले इंग्रजी बोलणारे जोडपे उभे होते.

या प्रयोगात उणिवा आहेत. पत्राला उत्तर देणारा आणि दारात भेटलेला माणूस एकच असेल असे नाही. शिवाय लापिएर बहुतेक वेळा सोबत होते. त्यामुळे 'समोर आल्यावर माणसे चांगलीच वागतात' असा निष्कर्ष आपल्याला काढता येणार नाही. पण न भेटलेल्या माणसाविषयीचे आपले मत त्या माणसावरून बनलेले नसते, एवढे यातून नक्की दिसते.

आणि कागदावरचा नकार निरुपद्रवी नसतो. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी वर्गात कंपासपेटी हरवली, की आपली नजर आधी कोणाकडे वळते?

जूनमध्ये मुलांच्या आधी आपल्या हाती हजेरीपट येतो. आडनाव, वस्ती, वडिलांचा व्यवसाय. मूल दारात येण्यापूर्वीच आपण त्याला मनातून पत्र पाठवलेले असते आणि उत्तरही ठरवून टाकलेले असते. इथे तर धोका अधिकच. हॉटेलातला पाहुणा एक रात्र राहून निघून जातो. मूल वर्षभर आपल्यासमोर बसते. ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याला आपण प्रश्न कमी विचारतो, मग ते मागे पडते आणि आपल्याला वाटते, आपला अंदाज बरोबरच होता.

यंदा एक करून पाहू. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाविषयीचा आपला अंदाज एका खासगी वहीत लिहून ठेवू. कोणालाही दाखवायचा नाही. दिवाळीच्या सुटीत वही उघडू. किती अंदाज चुकले ते मोजू आणि जे बरोबर ठरले, ते मुलामुळे ठरले की आपल्यामुळे, हेही स्वतःला विचारू.