संगणकाच्या पडद्याचें दुखणें

संगणकाचा मॉनिटर एके दिवशीं लागतच नाहीं. खालचा बारीक दिवा लुकलुकतो, क्षणभर चित्र उमटतें आणि पुन्हां अंधार पडतो. २००० सालानंतरच्या सात-आठ वर्षांत पुष्कळ घरांना व कचेऱ्यांना हा अनुभव आला, आणि पुष्कळांनीं तो मॉनिटर मोडींत घालून नवा आणला. वस्तुतः त्यांतील कित्येकांचा पडदा शाबूत होता. बिघाड होता तो आंतील एका बोटाच्या पेराएवढ्या भागांत. या भागाची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. परंतु त्याआधीं पडद्याची वंशावळ थोडी पाहिली पाहिजे.

जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यानें स्ट्रासबुर्ग येथें १८९७ सालीं ऋणकिरणांची नळी बनविली. तीच पुढें दूरचित्रवाणीची आणि संगणकाची पिक्चर ट्यूब झाली. मोठ्या रंगीत नळीला वीस-पंचवीस हजार व्होल्टांचा दाब लागे, आणि यंत्र बंद केल्यावरही त्या विजेचा सांठा कांचेंत दडून राही. म्हणून जाणता कारागीर पाठीमागचें झांकण काढतांच प्रथम तो सांठा तारेनें सांगाड्यांत उतरवून टाकी आणि मगच आंत हात घाली. त्या काळीं दुरुस्ती हाच रिवाज होता. नळी महाग, पेटी अवजड, आणि बिघाड बहुधा ठरलेल्या ठिकाणीं, म्हणजे ईएचटी नांवाच्या भागांत किंवा एखाद्या निसटलेल्या सांध्यांत.

द्रवस्फटिकाचा पडदा याहून निराळा. त्याचें मूळ १८८८ सालचें. फ्रीडरिख रायनित्सर या वनस्पतिशास्त्रज्ञाला प्राग येथें असें आढळलें कीं, कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापविला असतां दोनदां वितळतो. त्या कुतूहलाचा पडदा व्हायला ऐंशी वर्षें लागलीं. अमेरिकेंत आरसीए कंपनीच्या जॉर्ज हाइलमायर यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं तो १९६८ सालीं जगापुढें मांडला. हा पडदा स्वतः प्रकाश देत नाहीं, मागून येणारा प्रकाश अडवितो किंवा सोडतो. म्हणूनच काळ्या पडलेल्या मॉनिटरवर बॅटरीचा झोत तिरका टाकला असतां पुष्कळदां अंधुक चित्र दिसतें. तसें दिसलें तर समजावें कीं पडदा जिवंत आहे, मागचा दिवा किंवा त्याला वीज पुरविणारा भाग गेला आहे.

आतां मुख्य गोष्ट. या वीजपुरवठ्यांत कपॅसिटर असतो. जुने कारागीर त्याला कंडेन्सर म्हणत. ॲल्युमिनियमच्या डबींत गुंडाळलेली पत्री आणि तिच्यांत भिनविलेलें एक द्रव, एवढाच त्याचा संसार. १९९९ नंतर तैवानमधील कांहीं कारखान्यांतून निघालेल्या मालांत हें द्रव सदोष होतें. त्यांतील पाण्यापासून धातूला वांचविणारें मिश्रण नीट नसल्यामुळें पत्री गंजे, हायड्रोजन वायू सांचे आणि डबीचें डोकें पुरीसारखें फुगे. जपानी कंपनींतून एक शास्त्रज्ञ चीनमध्यें गेला, तेथून त्याचें सूत्र चोरून तैवानला नेण्यांत आलें, आणि चोरांच्या हातीं तें अपुरेंच लागलें, अशी बातमी २००२ सालीं व्यापारी पत्रांतून आली. गोष्ट रंगतदार आहे, पण ती कोणत्याही न्यायालयांत शाबीत झालेली नाहीं. तेव्हां तिच्यावर फार भार न टाकलेला बरा. नुकसान मात्र खरें होतें. २००५ सालीं एकट्या डेल कंपनीला अशा सदोष भागांमुळें संगणकांच्या दुरुस्तीसाठीं ३० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

मॉनिटरांतही तीच कथा घडली. तेथें उष्णतेची भर पडे. कपॅसिटरचें आयुष्य दर दहा अंश तापमान घटल्यास सुमारें दुप्पट होतें, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. आणि बंद, पातळ पेटींत तापमान घटणार कोठून? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत नवा कपॅसिटर अल्प किंमतींत मिळतो. क्षमता तीच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे अधिक, अंगावर ८५ ऐवजीं १०५ अंशांची खूण, आणि ऋण बाजूची पट्टी ऋण बाजूलाच, एवढें पाहिलें कीं अर्ध्या तासाचें काम. तरी माणसें नवा मॉनिटर घेत, कारण पेटी उघडण्याची कला आणि उघडतां येईल अशी पेटी, दोन्ही दुर्मिळ होत चालल्या होत्या. यांत दोष गिऱ्हाइकाचा कमी आणि खिळ्यांऐवजीं खांचा व डिंक वापरणाऱ्या कारखानदारांचा अधिक.

टाकलेल्या पडद्यांचें काय होई? नळीच्या कांचेंत शिसें, पातळ पडद्याच्या जुन्या दिव्यांत पारा. भारतांत विद्युत् कचऱ्याचे नियम २०१२ सालच्या मे महिन्यांत लागू झाले. युरोपीय संघानें १ मार्च २०२१ पासून पडद्यांच्या उत्पादकांवर बंधन घातलें कीं, शेवटचा नग बाजारांत आल्यावर निदान सात वर्षें सुटे भाग कारागिरांना मिळालेच पाहिजेत. त्या भागांच्या यादींत अंतर्गत वीजपुरवठ्याच्या जोडीला कपॅसिटरचेंही नांव घातलेलें आहे.