मॅनेजिंग एजन्सी : भांडवल लोकांचे, सत्ता घराण्याची

“नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा.” हा उपदेश आंबेडकरी तरुणांना सध्या रोज ऐकवला जातो. आमचा उद्योगाला विरोध नाही. पण या देशात दहा-दहा धंदे एका हातात कसे आले, हा इतिहास उपदेश करणारे सांगत नाहीत. तो आपणच वाचला पाहिजे.

1834 साली कलकत्त्यात द्वारकानाथ टागोरांनी ‘कार, टागोर आणि कंपनी’ काढली. कोळसा, वाफेच्या बोटी, मीठ असे वेगवेगळे धंदे या एका पेढीने चालवले. यातूनच मॅनेजिंग एजन्सीची पद्धत रुजली. कंपनीचे भाग लोक विकत घेत. खरेदी, विक्री, कर्ज आणि नेमणुका मात्र करारान्वये एजंट पेढीच्या हाती. पेढीचे स्वतःचे भाग थोडे असले तरी चाले. पुढे कलकत्त्यात बर्ड आणि अँड्र्यू यूल यांनी ताग, कोळसा, चहा एकत्र सांभाळले. मुंबईच्या गिरण्यांत तर सुरुवातीला एजंटाचे कमिशन तयार मालाच्या वजनावर होते. गिरणी तोट्यात गेली तरी एजंट कोरडा राहत नसे.

या पद्धतीचा फायदा झालाच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. नागपूरची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली, 1907 मध्ये टाटांची पोलाद कंपनी उभी राहिली. एका धंद्याची पत आणि अनुभव दुसऱ्याला उपयोगी पडला. पण ही पत कुणाला मिळत होती? नात्यातल्या, जातीतल्या, ओळखीतल्या माणसाला. विश्वास हेच भांडवल होते आणि तो जातीबाहेर क्वचितच जात असे.

त्याच वेळी आमचे आजोबा-पणजोबा कुठे होते? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे ‘विटाळ’ होतो, हे कारण. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. ज्याला मागावर उभे राहू दिले नाही, त्याचा पोरगा एजंटाच्या कचेरीत कसा पोहोचणार?

कायद्याने हळूहळू लगाम घातला. 1936 च्या दुरुस्तीने एजंटाची मुदत 20 वर्षांवर आणली, 1956 च्या कंपनी कायद्याने बंधने वाढवली आणि 1970 मध्ये ही पद्धतच रद्द झाली. नाव गेले, घराण्यांचे नियंत्रण मात्र मूळ कंपनी आणि परस्परांच्या भागांतून टिकले.

बाबासाहेबांनी 1938 साली मनमाडला ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे संविधानातच लिहावे, अशी मागणी केली. मालकी आणि नियंत्रण यांतला फरक त्यांना पुरता ठाऊक होता.

म्हणून मित्रांनो, धंदा जरूर करा. पण एक दुकान उघडणे म्हणजे सत्तेत वाटा मिळणे नव्हे. सार्वजनिक उद्योग खासगी समूहाकडे जातो, तेव्हा पुढच्या भरतीतले आरक्षणही जाते. मग प्रश्न ‘आपले किती उद्योजक झाले’ एवढाच उरत नाही. समाजाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या उद्योगांचा निर्णय कोण घेतो, हा प्रश्न विचारणे आपले काम आहे.

जय भीम!