बाळू पालवणकरांची निवडणूक

२ मार्च १९३० या दिवसाची नाशिककरांस नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. त्या दिवशी हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक पंचवटीत काळारामाच्या मंदिराशी येऊन थांबली आणि देवाचे दरवाजे तिला बंद झाले. सत्याग्रह पुढे चार वर्षे चालला. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव गायकवाड त्यातूनच 'दादासाहेब' म्हणून पुढे आले. दरवाजे मात्र उघडले नाहीत. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास डॉ. आंबेडकरांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो हा माझ्या हातचा भाग नव्हता, परंतु हिंदू म्हणून मी मरणार नाही.

या घोषणेस विरोध करणाऱ्या अस्पृश्य पुढाऱ्यांत एक गृहस्थ असे होते की, ज्यांचे नाव सभांतून नव्हे, तर क्रिकेटच्या मैदानावरून घरोघर पोहोचले होते. ते म्हणजे बाळू बाबाजी पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडास, चांभार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत होते. पुण्यास पारशांच्या क्लबात मैदान झाडण्याचे काम करता करता मुलगा चेंडू टाकू लागला. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर तो लागला. खेळपट्टी राखावी, जाळी लावावी आणि साहेबलोकांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करावी, असा तो दिनक्रम. फलंदाजी मात्र त्याच्या वाट्यास येत नसे. बॅट धरणे हे मालकाचे काम आणि चेंडू टाकणे नोकराचे, अशीच तेव्हाची वाटणी होती. परंतु त्या राबण्यातूनच हिंदुस्थानातील पहिल्या प्रतीचा डावखुरा मंदगती गोलंदाज तयार झाला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेणे भाग पडले. मैदानात सर्वजण एकच चेंडू हाताळीत. पण चहाची वेळ झाली की, बाळूंचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात येई. विटाळ चेंडूला होत नव्हता, कपाला होत होता! पुढे मुंबईस हे निर्बंध हळूहळू सैल झाले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही त्या संघात होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात अखिल हिंदी संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले, असे सांगतात.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९२० साली या डावलण्याच्या निषेधार्थ विठ्ठल आणि शिवराम हे दोघे बंधू संघातून बाहेर पडले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. १९२३ साली अखेर विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ विजयी झाला.

येथे थांबून विचार केला पाहिजे. पालवणकर बंधूंच्या आयुष्यात दार उघडले होते. उशिरा, कुरकुरत, पण उघडले होते. गुण दाखवावा, धीर धरावा, म्हणजे समाज बदलतो, हा बाळूंचा स्वतःचा अनुभव होता. १९३२ च्या पुणे करारावर आंबेडकरांच्या जोडीने त्यांचीही सही आहे. उलट नाशिकच्या सत्याग्रहींनी चार वर्षे धीर धरला आणि त्यांच्यापुढचे दार बंदच राहिले. दोघांचेही अनुभव खरे होते. फरक एवढाच की, बाळूंच्या गोलंदाजीची हिंदू जिमखान्याला गरज होती. देवळाला मात्र बाहेर उभ्या असलेल्या कोणाचीच गरज नव्हती.

१९३७ च्या निवडणुकीत हे दोन अनुभव समोरासमोर आले. मुंबईत राखीव जागेसाठी स्वतंत्र मजूर पक्षाचे आंबेडकर उभे होते. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने बाळूंना उभे केले. मतदारसंघ संयुक्त होता, म्हणजे स्पृश्यांचीही मते मोजली जाणार होती. आणि ही पद्धत दोघांच्याही सहीच्या पुणे करारातूनच आलेली होती. काँग्रेसचा हिशेब उघड आहे: स्पृश्य मतदार ज्याच्या नावाचा जयघोष करतो, असा अस्पृश्य तिला हवा होता. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर २,०२० मतांचे. त्याच निवडणुकीत नाशिकहून दादासाहेब गायकवाड मुंबईच्या विधिमंडळात गेले.

खेळाडूंनी राजकारणात उतरावे, हे जगाला नवे नाही. इंग्लंडचे सी. बी. फ्राय १९२२ साली पार्लमेंटसाठी उभे राहिले आणि पडले. बाळूंशी खरी तुलना करावयाची तर ती लिअरी कॉन्स्टंटाइन यांच्याशी. त्रिनिदादचा हा कृष्णवर्णीय क्रिकेटपटू इंग्लंडात पगारी खेळाडू म्हणून खेळला, १९५६ साली मायदेशी निवडून येऊन मंत्री झाला आणि १९६९ साली ब्रिटनच्या उमरावसभेत बसला. कॉन्स्टंटाइन आपल्या लोकांच्या चळवळीबरोबर उभे राहिले. बाळूंना आपल्याच लोकांच्या सर्वांत मोठ्या नेत्यासमोर उभे राहावे लागले.

यासाठी बाळूंना दोष देणे सोपे आहे; मला ते न्याय्य वाटत नाही. मंडपाबाहेर चहा पिऊन ज्याने पुढे मंडपात जागा मिळवली, त्याने त्या मंडपावर विश्वास ठेवला, तर त्यात नवल कसले? परंतु एका पालवणकरासाठी सरकलेला अडसर हजारोंसाठी सरकत नाही, हे आंबेडकर नाशिकच्या दाराशी शिकले होते. निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो याच कारणाने, असे मला वाटते.

बाळू ४ जुलै १९५५ रोजी वारले. पुढल्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, येवल्याचा शब्द नागपुरास खरा झाला. तो पाहण्यास बाळू राहिले नव्हते. त्यांची ११,२२५ मते मात्र इतिहासात राहिली आहेत. आणि ती देणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांना आपल्या घरच्या कपातून चहा दिला असता, हा प्रश्नही.